काळाला कामाला लावायचं म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभर ग्रहांच्या होरा (म्हणजे दिवसातला एकेका ग्रहाच्या नावाचा तास), चंद्राच्या कला, तिथी हे सगळं ॲपवर बघून अगदी काटेकोर वेळेला विधी केले तरी आत काहीच हललं नाही, मग काळ ही बदल घडवणारी शक्ती आहे असं जे म्हणतात तिच्यासोबत प्रत्यक्षात काम कसं करायचं? शिवाय भूतकाळावर विधी करता येतो का, आणि ग्रहणाचा काय उपयोग, हेही विचारलंय. जरा लांब लिहिते, कारण हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे आणि दोन ओळीत सांगण्यासारखा अजिबात नाही.

आधी सरळ सांगते. तुम्ही वेळ निवडताय पण त्या वेळेला काम करायला जागाच देत नाही आहात. विधी अर्ध्या तासात आटपला, दिवा शांत केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून निकाल शोधायला लागलात, तर यात काळ फक्त "केव्हा" एवढ्यापुरताच आला ना. विधी सुरुवात करून देतो, बदल घडवतो तो विधीनंतरचा काळ, आणि त्या काळाला लांबी, ठेका आणि शेवट हे तिन्ही तुम्ही द्यायचं असतं. एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं उत्तर याच्याभोवतीच आहे.

होरांचं पटकन सांगून टाकते कारण तिथे हिशोबाचा गोंधळ फार होतो. ग्रहांच्या तासांची जी जुनी पद्धत ग्रीक आणि अरबी परंपरेतून आली तिच्यात तास ६० मिनिटांचा नसतो. सूर्योदय ते सूर्यास्त याचे १२ समान भाग आणि सूर्यास्त ते पुढचा सूर्योदय याचे १२, म्हणजे जिथे हिवाळ्यात दिवस ८ तासांचाच असतो तिथे दिवसाची होरा ४० मिनिटांची आणि रात्रीची ८० मिनिटांची. दुसरी एक पद्धत सूर्योदयापासून सरळ साठ साठ मिनिटांच्या होरा मोजते. दोन्ही चालतात, पण तुमचं ॲप कुठली वापरतंय ते माहीत करून घ्या आणि एकच धरा, नाहीतर शुक्राची समजून भलत्याच ग्रहाच्या होरेत बसाल. क्रम असा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, म्हणजे आकाशात सगळ्यात सावकाश सरकणाऱ्यापासून सगळ्यात वेगाने सरकणाऱ्यापर्यंत. दिवसाची पहिली होरा ज्या ग्रहाची त्याचाच तो वार. २४ होरांमधून ७ चे तीन फेरे काढले की ३ उरतात, म्हणून शनीपासून तीन पुढे गेलं की रवी, रवीपासून तीन पुढे गेलं की चंद्र, आणि असाच अख्खा आठवडा या उरलेल्या तिनातून बनलाय. मला हे खरंच फार सुंदर वाटतं, कारण याचा अर्थ तुम्ही विधी करा किंवा नका करू, वेगाची ही उतरंड रोज तुमच्या दिवसाला नाव देतेच आहे.

तिथीचंही तसंच. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. चंद्राचा वेग सारखा नसतो म्हणून तिथी कधी साधारण १९ तासांची तर कधी २६ तासांची, ती दुपारी तीनला पण सुरू होते आणि मध्यरात्रीनंतर पण संपते. कॅलेंडरवरची तारीख बघून "आज अमावास्या" म्हणून रात्री दहाला बसलात आणि अमावास्या दुपारीच संपलेली असेल तर तुम्ही वाढत्या चंद्राखाली सोडून देण्याचं काम करताय. एवढं सांभाळलं की गणिताचा भाग संपला. इथून पुढे जे आहे ते गणिताने होत नाही.

काळ अंगात उतरवायचा असेल तर श्वासापासून सुरुवात करा, ग्रहांपासून नको. जुन्या कालगणनेत श्वास हेच माप आहे. स्वस्थ माणसाचा एक श्वास ४ सेकंदांचा धरला, असे ६ श्वास म्हणजे एक पळ, ६० पळं म्हणजे एक घटी म्हणजे आपली २४ मिनिटं, आणि ६० घटी म्हणजे एक अहोरात्र. गुणाकार करा, २१,६०० श्वास होतात. आता आकाशाचं वर्तुळ घ्या, ३६० अंश, आणि प्रत्येक अंशाचा ६० वा भाग म्हणजे एक कला (चंद्राची कला वेगळी), तर ३६० गुणिले ६०, पुन्हा २१,६००. म्हणजे एक श्वास घेऊन सोडेपर्यंत आकाश एक कला सरकतं. हे माप मुद्दाम असं बसवलेलं आहे, तुमचं शरीर दर वेळी बरोब्बर ४ सेकंद पाळेल असं नाही, पण बसवणाऱ्यांनी आकाशाचं आणि छातीचं घड्याळ एकच धरलं यातच सगळी गुरुकिल्ली आहे.

करायचं असं. एक घटी बसायचं, म्हणजे ३६० श्वास. १०८ मण्यांची माळ असेल तर तीन माळा आणि वर ३६ मणी, प्रत्येक श्वासाला एक मणी. घड्याळ समोर ठेवायचं नाही, फक्त सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहायची. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, रोखायचा तर बिलकुल नाही, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मोजणं सोडून नुसतं बघत बसा. सुरुवातीला २४ मिनिटांच्या आसपास किंवा त्याआधीच उरकतं कारण मन घाई करतं. काही आठवड्यांनी श्वास आपोआप मंदावतो, मिनिटाला १० वर आला की तीच घटी ३६ मिनिटांची होते. म्हणजे मोजणी तीच, मणी तेच, पण तुमची घटी लांब झाली! ज्याला हे एकदा प्रत्यक्ष जाणवलं त्याला काळ ही घडवता येणारी गोष्ट आहे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे झाल्याशिवाय दुसरा कुठलाही विधी देत नाही, मग कुणी कितीही वर्षं साधना केलेली असो.

याच्या पुढची पायरी अभिनवगुप्ताने दाखवून ठेवली आहे. काश्मीरचा हा आचार्य १००० सालाच्या आसपासचा, तंत्रालोक या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आह्निकात, म्हणजे प्रकरणात, त्याने दिवस, पक्ष, महिना, वर्ष असा सगळा काळ एका श्वासाच्या येण्याजाण्यात मांडलाय. बाहेर जाणारा श्वास म्हणजे कृष्ण पक्ष, चंद्र एकेक कलेने झिजत जातो, आत येणारा म्हणजे शुक्ल पक्ष. श्वास पूर्ण बाहेर गेला आणि आत यायला अजून निघाला नाही ती अमावास्या, आत पूर्ण भरला आणि अजून वळला नाही ती पौर्णिमा. म्हणजे अमावास्येसाठी पंधरा दिवस थांबायची गरज नाही, ती दर श्वासाला येते, आपण तिथे हजर नसतो एवढंच. ज्या गोष्टीतून तुम्हाला बाहेर पडायचंय ती श्वासासोबत शेवटपर्यंत जाऊ द्यायची आणि त्या छोट्याशा रिकाम्या जागेत काहीही मागायचं नाही. मागणं, भरणं, नाव घेणं हे सगळं दुसऱ्या टोकाला. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, रिकाम्या जागेतच घाईघाईने इच्छा कोंबतात, आणि मग ती जागा रिकामी राहतच नाही.

आता हाच ठेका मोठा करा. चंद्राची एक फेरी, अमावास्या ते अमावास्या, सरासरी २९.५३ दिवसांची. सगळीकडे सांगतात की नवीन काम अमावास्येनंतर वाढत्या चंद्रावर सुरू करा. मी याच्याशी सहमत नाही, निदान स्वतःत बदल घडवायचं काम असेल तेव्हा तरी नाही. सुरुवात पौर्णिमा झाल्याबरोबर करा. आधी पंधरवडाभर काढून टाकायचं, मग अमावास्येला एक दिवस काहीच नाही, आणि नंतर पंधरवडाभर भरायचं. जी भीती किंवा सवय घट्ट बसलीय तिच्यावरच नवीन संकल्प ठेवला तर वाढत्या चंद्रावर ती भीतीच वाढते, हे मी इतक्या लोकांच्या बाबतीत बघितलंय की आता मी यात तडजोड करत नाही. आणि दोन टोकांना दोन मोठे विधी करण्यापेक्षा रोज दहा मिनिटांची एकच छोटी कृती ठेवा, तीच जागा, तीच वेळ, तेच शब्द, कारण काळ पकड घेतो ती पुनरावृत्तीवर, थाटमाटावर नाही.

लांबीचं काय, तर ४० दिवस हा आकडा एकमेकांपासून लांबच्या परंपरांत सापडतो. सूफींचा चिल्ला, म्हणजे एकांतातली साधना, ४० दिवसांचा. त्याहून लांब कामं पण आहेत, अब्रामेलिनच्या नावाने जो युरोपातला विधी प्रसिद्ध आहे त्याची एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मॅथर्स या इंग्रज गूढविद्येच्या अभ्यासकाने इंग्रजीत आणलेली आवृत्ती ६ महिन्यांची आहे आणि जर्मन हस्तलिखितांमध्ये तोच विधी १८ महिन्यांचा आहे. मंत्राच्या पुरश्चरणात, म्हणजे ठरलेल्या संख्येचा जप पूर्ण करण्यात, तर दिवस मोजतच नाहीत, जितकी अक्षरं तितके लाख जप, म्हणजे २४ अक्षरांच्या गायत्रीचे २४ लाख, आणि रोज १० माळा धरल्या तर याला सहा वर्षं लागतात. ४० च का याबद्दल माझं स्वतःचं एक म्हणणं आहे, ते परंपरेच्या नावावर खपवत नाही: ४० दिवसांत चंद्राची अख्खी फेरी होते आणि वर दहा-अकरा दिवस उरतात, म्हणजे सुरुवातीच्या दहा-अकरा चांद्र दिवसांना तुम्ही दुसऱ्यांदा भेटता. आणि खरं काम तिथे दिसतं. पहिल्या वेळी कृष्ण षष्ठीला मन कसं होतं आणि दुसऱ्या वेळी त्याच षष्ठीला कसं आहे, हा फरक म्हणजे तुमचा निकाल. म्हणून डायरी ठेवा आणि आजची तुलना कालशी करू नका, मागच्या फेरीतल्या त्याच तिथीशी करा. तुम्ही लिहिलंय की वर्षभरात काही बदललं नाही, माझा अंदाज आहे की तुम्ही रोज काल-आज अशी तुलना करत होता, आणि तशी केली तर चंद्र पण बदलल्यासारखा वाटत नाही.

मधला काळ सगळ्यात कठीण जातो हे आधीच सांगून ठेवते. पहिल्या आठवड्यातला उत्साह उतरतो, शेवट अजून लांब असतो, कंटाळा येतो, विधी खोटा वाटायला लागतो, याच्यापेक्षा दुसरा जास्त पॉवरफुल विधी शोधावा असं वाटतं. नेमकं इथेच बहुतेक जण काम बदलतात आणि पुन्हा पहिल्या दिवसावर येतात, म्हणजे वर्षभर साधना करून त्यांची फक्त सुरुवातच अनेकदा झालेली असते. कंटाळा आला की समजा की आता तुमचा जोर संपला आणि काळाचा सुरू झाला, आणि तिथे काहीही न वाढवता, काहीही न बदलता तीच कृती करत राहा. पतंजलीने अभ्यासासाठी तीन अटी घातल्यात, दीर्घ काळ, खंड न पडणं आणि आदर. पहिल्या दोन सगळ्यांना पाठ असतात, तिसरी विसरतात, आणि कंटाळ्याच्या दिवसांत नेमकी तीच लागते, माळ हातात कशी धरता, जागा पुसून घेता की नाही, फोन दुसऱ्या खोलीत ठेवता की उशाशी.

दिवस चुकला तर काय करायचं हे सुरू करण्याआधीच लिहून ठेवा, चुकल्यावर ठरवू नका, कारण तेव्हा मन वकिली करतं. काही गुरू चुकला की पहिल्यापासून असं सांगतात. माझा नियम असा की पहिल्या एक तृतीयांशात चुकला तर पहिल्यापासून, त्यानंतर चुकला तर शेवटी तीन दिवस वाढवायचे, आणि दुसऱ्यांदा चुकला तर काम तिथेच रीतसर बंद करून पुढच्या पौर्णिमेची वाट बघायची. तुम्ही वेगळा नियम करा, पण एक करा आणि पाळा.

बंद करणं हा शब्द आला म्हणून इथेच सांगते. ज्या संकल्पाला मुदत नाही तो संकल्प तुमच्या अंगावर उधारीसारखा राहतो. संकल्पाच्या जुन्या पाठात बघा, कल्पापासून सुरू होतं, मग मन्वंतर, युग, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार असं उतरत उतरत शेवटी "आत्ता, इथे, मी" वर येतं. केवढ्या मोठ्या काळातून केवढ्याशा क्षणावर आणून उभं करतात! हे फार ताकदीचं तंत्र आहे आणि कुठल्याही भाषेत, कुठल्याही परंपरेत वापरता येतं, स्वतःच्या शब्दांत केलं तरी चालतं. मी फक्त त्यात शेवटची एक ओळ घालते, हे काम अमुक तिथीला संपेल. आणि त्या तिथीला खरोखर संपवायचं, हवं ते मिळालं असो वा नसो, वस्तू उचलायच्या, शब्द मोठ्याने मागे घ्यायचे, आणि पुढची एक अख्खी चंद्रफेरी त्याच विषयावर काहीही करायचं नाही. या रिकाम्या फेरीत जितक्या गोष्टी जागेवर आलेल्या मी बघितल्यात तितक्या विधी चालू असताना बघितल्या नाहीत.

लांब पल्ल्याचं काम करणाऱ्यांनी शुक्राकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. शुक्र दर ५८४ दिवसांनी पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये येतो, संध्याकाळच्या आकाशातून दिसेनासा होतो आणि काही दिवसांत पहाटे उगवतो. असे पाच फेरे झाले की ८ वर्षं पूर्ण होतात आणि तो राशीचक्रात जवळपास त्याच जागी परत येतो, फक्त दोन-तीन अंशांचा फरक. नातं, कला, स्वतःचं मोल या विषयांवर ८ वर्षांचं काम पाच टप्प्यांत बांधता येतं, दर वेळी शुक्र संध्याकाळचा दिसेनासा झाला की जुनं सोडायचं आणि पहाटे दिसला की नवीन नाव द्यायचं. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, एका राशीत साधारण अडीच वर्षं. लोक शनीला घाबरतात, मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो कारण तो घाईचं काहीच मान्य करत नाही. अडीच वर्षं पुरेल असं एकच व्रत घ्या, एकच सांगते, आणि शनी रास बदलेपर्यंत त्याला हात लावू नका.

आता भूतकाळ. घडून गेलेली घटना कुठल्याही विधीने बदलत नाही, तसं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण त्या घटनेचा जो भाग आज तुमच्यात चालू आहे तो भूतकाळात नाहीच, तो आत्ताचा आहे, त्यामुळे त्याच्यावर काम होतं. २००० साली करीम नादर या मेंदूशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली की ती काही काळ मऊ पडते आणि तिला परत पक्कं व्हावं लागतं, त्या काळात औषध दिलं तर भीती उतरली, पण ६ तासांनी दिलं तर काही परिणाम नाही. याने जादू सिद्ध होते असं मी म्हणत नाही, उंदरांचा प्रयोग आहे तो. पण कामाचा आराखडा यातून छान मिळतो: आठवण उघडल्यावरचे काही तास हेच खरं कार्यक्षेत्र. म्हणून असं काम सकाळी करा, आठवण एकदाच आणि थोडक्यात जागी करा, लगेच त्या वयातल्या स्वतःला जे मिळायला हवं होतं ते कृतीने द्या, दिवा, शब्द, पाणी, स्पर्श, काहीही, आणि मग दुपारपर्यंत तो विषय कुणाशीही बोलू नका, जुने फोटो काढून बसू नका, भांडण होईल अशा ठिकाणी जाऊ नका. वर्षाने त्याच तिथीला परत. मात्र आघात मोठा असेल, झोप उडत असेल, शरीर गारठत असेल तर हे एकट्याने करायचं नाही, आधी थेरपिस्ट, विधी नंतर.

राहिलं ग्रहण. चंद्रग्रहण अमावास्या-पौर्णिमेचा अख्खा प्रवास काही तासांत दाखवतं, भरलेला चंद्र झिजतो आणि परत भरतो, त्यामुळे वर सांगितलेलं काढून टाकणं आणि भरणं एका बैठकीत करायचं असेल तर याच्यासारखी वेळ नाही, पण ती आधी ४० दिवसांचं काम पूर्ण केलेल्यालाच उपयोगी पडते. खग्रास सूर्यग्रहणात पूर्ण अंधार फार तर साडेसात मिनिटं टिकतो, बहुतेक वेळा बराच कमी, त्यात विधी मांडत बसू नका, डोळे सांभाळा आणि श्वासाच्या रिकाम्या टोकाला थांबतो तसं नुसतं थांबा. आणि ग्रहणात नवीन काम सुरू करू नका असंच मी सांगेन, चालू असलेल्या कामाला तिथे एक खूण करा. ग्रहणांचं एक कुटुंब असतं, १८ वर्षं ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी त्याच घराण्यातलं पुढचं ग्रहण येतं, आणि त्या ८ तासांमुळे ते पृथ्वीवर एक तृतीयांश फेरी पश्चिमेला सरकलेलं असतं. डायरीत ग्रहणाच्या पानावर त्या पुढच्या ग्रहणाची तारीख काढून लिहून ठेवा, आणि तिच्याखाली एका ओळीत लिहा की तोपर्यंत काय चालू ठेवायचंय.